बेनिग्नाच्या पुढ्यातलं पोतेरं

लोखा, ४ नोव्हेंबर १९९६

लाडक्या ओबदु,

मठाच्या स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर आपण दोघी शेंगा सोलत बसायचो, ती एक दुपार आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. विशेष काही घडलं नव्हतं. सिस्टर बेनिग्ना स्टुलावर डुलक्या काढत होती आणि तू परातीतला प्रत्येक डागाळलेला दाणा उचलून अॅप्रनच्या खिशात दडवत होतीस, सगळी परात एकसारखी हिरवी दिसावी म्हणून. सिस्टर डोळे न उघडताच म्हणाली, "ओबदुलिया, खिशातले परातीत टाक. तेही शिजतात." मला इतकं हसू आलं की माझीच अर्धी टोपली सांडली.

हे आठवायचं कारण आमची दुसरी बेनिग्ना. तू तिला पाहिलेलं नाहीस. नगरपालिकेच्या प्राण्यांच्या बागेतली आमची अस्वलीण. सगळं अंग काळं आणि तोंडाभोवती पांढरी पट्टी, अगदी सिस्टरच्या शिरोवस्त्रासारखी, म्हणून नावही मीच ठेवलं. तिकिटाच्या खिडकीतून मला ती दिवसभर समोर दिसते. आता ती जाणार. उत्तरेकडे ढगातल्या रानात डॉक्टर पिनेदा म्हणून एक बाई अशा अस्वलांना सांभाळतात. तिथे झाडं आहेत, माती आहे. आमच्याकडे सिमेंट. मीच सगळ्यांच्या मागे लागले होते, तिला पाठवा म्हणून. आणि आता पाठवायची वेळ आली तर जेवण जात नाही.

काम असं. सोबत तिचे सहा फोटो पाठवते आहे, बसवाल्या मानुएलच्या हाती. फोटोग्राफर निगेटिव्ह घेऊन ग्वायाकिलला लेकीच्या लग्नाला गेला तो गेलाच, त्यामुळे हे प्रिंट जपून. आमचे नवे संचालक, इंजिनियर बुर्नेओ, यातला एक नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापणार आहेत. बाकीचे डॉक्टर पिनेदांकडे जातील. बेनिग्ना इथे कशी राहते ते पाहून तिची तिथली खोली तशीच लावायची आहे त्यांना. पण फोटोंत बादल्या काय, पाण्याची नळी काय! इंजिनियर म्हणाले, "सेन्योरा मेल्बा, हे अस्वल आहे की धुणीघर?" मी म्हटलं, क्वेंकाला माझी मैत्रीण आहे, तिच्या हाताखालून गेलेल्या फोटोत नवरीच्या तोंडावर पुटकुळी राहत नाही.

अस्वल तेवढं ठेव. बाकी सगळं काढून टाक.

तुझी
मेल्बा

*

क्वेंका, १५ नोव्हेंबर १९९६

प्रिय मेल्बिता,

अस्वल ठेवलं. बाकी सगळं काढलं.

तुमच्याकडे झाडलोट कोणी करतं की नाही? दोन बादल्या, एक नळी, खाल्लेल्या कणसांची बुरकुंडं, आणि एका फोटोत तर कुणाचे रबरी बूट, नुसतेच उभे, आत माणूस नाही. सगळ्यात चिवट निघालं ते तिच्या पुढच्या पंजांपाशी पडलेलं तपकिरी पोतेरं. सहाच्या सहा फोटोंत! केसांत असं गुंतलेलं की पंजा कुठे संपतो आणि चिंधी कुठे सुरू होते ते भिंगाखाली धरूनसुद्धा कळेना. त्यावर मी गवत घातलं, काडी काडी करून. आता वाटेल की ती गवताच्या बिछान्यावर हात टेकून प्रार्थनेला बसली आहे. शिवाय एका फोटोत डाव्या कडेला, खिडकीच्या चौकटीवर, ठिगळ लावलेल्या स्वेटरातलं कुणाचं तरी जाडजूड कोपर होतं. तेही गेलं.

मी प्रिंटवरच पोस्टर कलरने रंगवते, मग स्टुडिओतला रुबेन त्या रंगवलेल्या प्रिंटचा नव्याने फोटो काढतो. ते नवे सहा तुला पाठवते आहे. रंगवलेले मूळचे माझ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत.

तुझ्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोतला तो खरूजवाला कुत्रा आठवतो? मदरच्या टाकाने मी तो काढला होता, बारा वर्षांची असताना. तेव्हापासून हाच धंदा. जेवत जा. अस्वल जातंय, तू नाही.

तुझी
ओबदुलिया

*

लोखा, १० डिसेंबर १९९६

लाडक्या ओबदु,

ते जाडजूड कोपर माझं आहे! पन्नास वर्षांची ओळख, एका वर्गात शिकलो, माझ्या लेकीची धर्ममाता तू, आणि माझं कोपर तुला ओळखू आलं नाही? वर "कुणाचं तरी"! सेगुंदोला वाचून दाखवलं. सेगुंदो म्हणजे बेनिग्नाची देखभाल करणारा, ते रबरी बूटही त्याचेच. तापाने अंथरुणाला खिळलाय बिचारा, तरी खोकत खोकत हसला.

फोटो मात्र असे झालेत की इंजिनियरांनी दोनदा चष्मा पुसला. कॅलेंडर छापून आलं. बेकरीत, औषधाच्या दुकानात, मटणवाल्याकडे, जिथे जावं तिथे बेनिग्ना गवतावर हात टेकून बसलेली.

परवा ती गेली. सेगुंदो आजारी, म्हणून नगरपालिकेचे झाडूवाले आले. इंजिनियर तुझा फोटो हातात धरून दारात उभे. "असं पाहिजे मला! अगदी असं!" त्यांनी पेटाऱ्यात ताजं गवत भरलं, फोटोतल्यासारखं, आणि पिंजऱ्यातला सगळा केरकचरा गाठोड्यात बांधून बाहेर टाकला. मी काही पाहिलं नाही. मी माझ्या खिडकीत पाठ फिरवून रडत होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतली चाबेला आली, दरवर्षीसारखी, सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्यासाठी, एकतीस तारखेला जाळायच्या त्या भुशाच्या बाहुल्यासाठी, जुने कपडे मागत. यंदा तिला आख्ख्या शहरात सगळ्यात उंच म्हातारा जाळायचा आहे. मी डोळे पुशीत तेच गाठोडं उचलून तिच्या हातात दिलं.

ट्रक वळला तेव्हा बेनिग्ना फळ्यांच्या फटीतून बघत होती. नाक तेवढं दिसलं.

तुझी, जाडजूड कोपराची
मेल्बा

*

क्वेंका, १७ डिसेंबर १९९६

मेल्बिता,

कोपराबद्दल क्षमा. दिवा मंद होता.

रुबेनने कॅलेंडर स्टुडिओच्या काचेत लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "हे आमच्या बाईंचं काम." शेजारची बेकरीवाली विचारत होती, एवढं स्वच्छ जनावर ठेवलं कुठे होतं? मी नुसती हसले. गर्व करणं पाप आहे, पण नाताळच्या आधी कबुलीजबाब देऊन टाकीन.

तुझी बेनिग्ना तिकडे रमली का ते कळव. माझ्या धर्मकन्येला नाताळचा फराळ पाठवते आहे, तळलेल्या कड्या आणि पाक वेगळा. पाक सांडला तर मानुएलला विचार, मला नाही.

ओबदुलिया

*

लोखा, २२ डिसेंबर १९९६

ओबदु,

ती खात नाही.

डॉक्टर पिनेदांचा फोन आला होता. कणीस नाही, फळ नाही, मध लावून दिलं तरी तोंड फिरवते. खोली त्यांनी फोटो बघून हुबेहूब लावली आहे, गवतसुद्धा तसंच. पण ती ते गवत पंजांनी गोळा करते, छातीशी धरते, मग सोडून देते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. त्या विचारत होत्या, "तिच्याजवळ काही होतं का? काही राहिलंय का तुमच्याकडे?" मी म्हटलं, नाही हो, काहीच नाही. फोन ठेवला आणि खिडकीतून रिकाम्या पिंजऱ्याकडे बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तू ज्याला पोतेरं म्हणालीस ती माझ्या आईची शाल.

बेनिग्ना पिल्लू असताना लाकूडतोड्यांनी तिला पोत्यात घालून आणलं होतं. थरथरत होती. मी अंगावरची शाल काढून तिच्याभोवती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी परत मागायला गेले तर देईना. बारा वर्षं तिच्याजवळ आहे. झोपताना तिचा एक कोपरा तोंडात धरते. तुला पत्रात लिहिलं नाही, कारण माझ्या लेखी ती वस्तूच नव्हती, बेनिग्नाच होती. आणि तुझ्या फोटोंत ती नाही हे मला दिसलंसुद्धा नाही. माझे डोळे आपले आपण ती तिथे घालून घेत होते. सेगुंदो बरा असता तर पेटाऱ्यात पहिली तीच ठेवली असती त्याने.

आता ती कुठे आहे ठाऊक आहे? चाबेलाच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर! भुसा आणि फटाके भरून नाक्यावर खुर्चीत बसवलाय आणि आईची शाल पांघरलीय त्याने. एकतीस तारखेला जाळणार. मी गेले मागायला. चाबेला म्हणाली, "मेल्बाबाई, म्हाताऱ्याच्या अंगावर एकदा चढवलं की उतरवायचं नसतं. नवं वर्ष उघडंवाघडं येतं." मी म्हटलं, अगं ती बेनिग्नाची शाल आहे! तर कॅलेंडर आणून माझ्या नाकासमोर धरलं. "कुठाय शाल? दाखवा. हे गवत आहे. अस्वल गेल्यापासून तुम्हाला काहीबाही व्हायला लागलंय, बाई."

दुसरी शाल देऊ केली, माझी चांगली. नको म्हणाली. तिला वाटतं मी म्हातारी झाले, भ्रमात आहे.

मला सुचत नाही काही. तिला जायला मीच भाग पाडलं, ओबदु. तिकडे ती मेली तर?

मेल्बा

*

क्वेंका, २६ डिसेंबर १९९६

मेल्बिता,

तुझं पत्र काल आलं. नाताळच्या मिस्सा प्रार्थनेला गेले नाही, डबा उघडून कॅलेंडरचा मूळ प्रिंट घेऊन बसले.

तुला एक गोष्ट सांगते, आमच्या कामातली. पोस्टर कलर प्रिंटच्या वर बसतो, आत मुरत नाही. मी गवत घातलं ते शालीच्या डोक्यावर घातलं. शाल खाली होती तशीच आहे. कापसाचा बोळा ओला करून घट्ट पिळला आणि पंजांपाशी हळूहळू फिरवायला लागले. एकेक काडी विरघळून कापसावर आली. आधी झालर दिसली, मग एक घडी, मग तिच्या तोंडातला कोपरा. तोंडात होता, मेल्बा! मी त्याला जिभेवरचा डाग समजून काढला होता. जन्मभर दुसऱ्यांचे डाग पुसले, स्वतः घातलेलं गवत पहिल्यांदाच पुसलं. दोनदा कापूस खाली ठेवावा लागला.

बाकीचं काही पुसलं नाही. बादली, नळी आहेत तशा झाकलेल्या. चाबेलाने कॅलेंडर शेजारी धरून पाहावं आणि म्हणावं, हो, हाच तो फोटो. फक्त पंजांपाशी मी खोटं घातलं होतं ते काढलंय. खाली माझी सही आहे. हवं तर सांग, क्वेंकाच्या बाईने लिहून दिलंय की कॅलेंडर चुकीचं आहे आणि तू शुद्धीवर आहेस.

तो प्रिंट सोबत पाठवते आहे. मानुएलला सांगितलंय, पाकिटावर बसू नकोस.

जा आणि नाक्यावर उभी राहा. त्या म्हाताऱ्याला जळू देऊ नकोस. म्हणजे जळू दे, पण शालीशिवाय.

ओबदु

*

लोखा, १२ जानेवारी १९९७

लाडक्या, लाडक्या ओबदु,

फोनवर रडण्यापलीकडे काही बोलले नाही, म्हणून आता नीट लिहिते.

एकतीसच्या दुपारी मी फोटो घेऊन नाक्यावर गेले. तुला तो दिवस माहीतच आहे. रस्त्यात दोर आडवा धरून गाड्या अडवणं चाललेलं आणि म्हाताऱ्याच्या विधवा छाती पिटत चिल्लर मागताहेत. यंदा मुख्य विधवा आमचा औषधवाला विसेंते, बायकोचा काळा झगा आणि उशीची छाती लावून. मी फोटो चाबेलाच्या हातात दिला. तिने कॅलेंडरशेजारी धरला. इकडे बघते, तिकडे बघते.

"अगंबाई," म्हणाली. "ही तर तोंडात धरायची ती!"

झालं, सगळी गल्ली गोळा झाली. प्रत्येकाला आठवायला लागलं. मटणवाला म्हणे, "मी लहान पोराला घेऊन जायचो तेव्हा ती शाल डोक्यावर घ्यायची. पोरगं म्हणायचं, आजी आहे." बारा वर्षं सगळ्यांनी पाहिलेली, आणि एका कॅलेंडरने सगळ्यांना विसरायला लावली.

तरी चाबेला खुर्चीपुढून हलेना. "पटलं मला. पण चढवलेलं उतरवत नाहीत. मी नाही हात लावणार."

विसेंतेने गळा काढला, "माझ्या नवऱ्याला मरायच्या आधी नागडं करता काय गं! लाजा नाहीत का!"

आणि मला तिथेच सुचलं. मी म्हटलं, "चाबेला, उतरवत नाहीत, कबूल. पण म्हाताऱ्याचं मृत्युपत्र तर आहे ना? त्याची वस्तू त्याला कुणालाही देता येते."

तिने ब्लाउजमधून मृत्युपत्राचा कागद काढला. दरवर्षी तीच लिहिते, सगळ्या गल्लीची उणीदुणी त्यात. वाचायची वेळ खरं तर मध्यरात्री, जाळायच्या जरा आधीची, पण ती खुर्चीवर चढून तिथेच वाचायला लागली. "मी, सरतं वर्ष, मरणाच्या दारात उभा, विसेंतेला माझी मिशी देतो, कारण तिच्यामुळे तरी तो पुरुष वाटेल. मटणवाल्याला देतो माझा खरा तराजू, त्याच्याकडचा त्याने फेकून द्यावा." लोक हसून बेजार. मग ती थांबली, कागदावर नव्हतं ते मोठ्याने म्हणाली, "आणि बेनिग्नाला, जी परगावी उपाशी बसली आहे, तिला माझी शाल. तिचीच होती. मला थंडी वाजली तरी चालेल, मी जळणारच आहे."

कोणी हसलं नाही. विसेंतेनेच पुढे होऊन शाल सोडवली, सावकाश, खऱ्या मयताच्या अंगावरून सोडवावी तशी.

गर्दीत इंजिनियर बुर्नेओ होते, बायकोला म्हातारे दाखवायला आणलं होतं. त्यांनी फोटो मागून घेतला. बघितला आणि अंगातला नगरपालिकेचा रेनकोट काढून म्हाताऱ्याला घातला. मागून कोणीतरी ओरडलं, "आता कसा साहेब दिसतो! आता जाळायला मजा!" इंजिनियर लालेलाल झाले. पण हसले, ओबदु. पहिल्यांदा पाहिलं त्यांना हसताना.

घरी येऊन मी घंगाळात पाणी काढलं, साबण घेतला. शालीला बंदुकीच्या दारूचा वास येत होता. बुडवणार तेवढ्यात हात थांबला. म्हटलं, आपण दोघी ही सफाई कधी सोडणार? तशीच कागदात गुंडाळली.

सेगुंदो बरा झालाय. तोच घेऊन गेला, बस बदलत बदलत. तिथून फोन केला त्याने. शाल आत टाकली. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. नाक हललं. वळली, शाल हुंगली आणि दारूच्या वासाने जोरात शिंकली. परत हुंगली. मग ओढत कोपऱ्यात नेली आणि सगळ्यांकडे पाठ करून तिच्यावर बसली. सेगुंदो म्हणाला, "मला ओळखसुद्धा दिली नाही, बाई. रागावलीय." सकाळी बघतात तर कणसं संपलेली. बुरकुंडं सगळी खोलीभर.

फोन ठेवल्यावर मी पानात वाफवलेलं मक्याचं आख्खं तमाल खाल्लं. मग दुसरं.

तुझी
मेल्बा

*

क्वेंका, २० जानेवारी १९९७

माझ्या मेल्बिता,

तुझं पत्र रुबेनने मला वाचून दाखवलं. शिंकेच्या ठिकाणी त्यालाच पुढे वाचवेना.

आता खरं सांगते. दिवा मंद नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर मार्चमध्ये एका डोळ्याचं बघू म्हणतात. ते काय व्हायचं ते होईल, पण ब्रश मी खाली ठेवला. वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटचं काम पुसायचं होतं, आणि ते नीट झालं. सिस्टर बेनिग्ना असती तर म्हणाली असती, बघ, शेवटी टाकलास ना दाणा परातीत.

मीही सरतं वर्ष समजून वाटणी करते. चाबेलाइतकं मला जमणार नाही, सांभाळून घे. डबा मानुएलच्या हाती पाठवते आहे. त्यातलं कुणाला काय द्यायचं ते असं.

कॅलेंडरच्या फोटोचा रुबेनने काढलेला मोठा प्रिंट नगरपालिकेला. तिथे भिंतीवर खिळा आहेच, त्यांना स्वच्छ आवडतं.

शालीचा, म्हणजे तू नाक्यावर नेलास तो, डॉक्टर पिनेदांना. बेनिग्नाच्या दारावर लावायला सांग. उद्या तिथे नवा माणूस आला आणि झाडू घेऊन आत शिरला, तर आधी त्याने हे बघावं.

बाकीचे पाचही मी पुसून काढले, बादलीसकट, नळीसकट. त्यातले चार डब्यात सापडतील. बुटांचा सेगुंदोला. बिचाऱ्याचे पाय मी जमिनीवरून उडवले होते. चाबेलाला बुरकुंडांचा. आणि माझ्या रंगांच्या सगळ्या बाटल्याही तिलाच, पुढच्या म्हाताऱ्याचं तोंड रंगवायला. विसेंतेची मिशी चांगली दाट कर म्हणावं. बादलीचा एक इंजिनियरांना घरी न्यायला, ऑफिसात नव्हे. नळीचा तुला.

सगळ्यात बारीक ब्रश माझ्या धर्मकन्येला. ती नखं रंगवेल त्याने. रंगवू दे.

उरला एक, डाव्या कडेचा. तो डब्यात शोधू नकोस, मी ठेवून घेतलाय. पुसताना सगळ्यात जास्त वेळ त्याला लागला. खिडकीच्या चौकटीवर टेकलेलं कोपर, करड्या स्वेटरचं, आणि त्यावर निळ्या लोकरीचं ठिगळ. डोळ्यांनी नीट दिसेना, म्हणून भिंग लावून टाके मोजायला गेले, आणि मोजायची गरजच उरली नाही. मागच्या ईस्टरला तू आली होतीस, तेव्हा माझ्याच खुर्चीत बसून मीच लावलेलं ठिगळ ते.

तो मला.

ओबदु